टेप चालू असेपर्यंत

गाडी सुरू करण्यापूर्वी आमचे गाडीवाले सदऱ्याच्या खिशातून पेन ड्राइव्ह काढत, त्यावर हलकी फुंकर मारत, तो कपाळाला लावत आणि टेपच्या खाचेत बसवत. खाचेजवळचा निळा दिवा लुकलुकू लागला, की आमच्याकडे वळून पाहत आणि म्हणत, "बठा. बठ्ठं बराबर शे."

आम्ही तर केव्हाचे बसलेले असू. तरीही 'बसा, सगळं ठीक आहे' अशा अर्थाचे हे वाक्य झाल्याशिवाय गाडी हलत नसे.

त्या यंत्राला टेप म्हणणे खरे तर चूक आहे. त्यात फीत नाही, फिरणारी चक्रे नाहीत. पण गाडीत गाणे वाजवणारे जे काही असेल त्याला आमच्या भागात टेपच म्हणतात, आणि मीही येथे तोच शब्द वापरणार आहे.

आम्ही तिघे शिक्षक. मी, गणिताच्या चौधरी मॅडम आणि तडवी सर. राहायला भुसावळला, शाळा यावलच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात. एसटीच्या वेळा शाळेच्या वेळांशी जुळत नसत, म्हणून आम्ही महिन्याच्या बोलीवर या गाडीवाल्यांची पांढरी गाडी लावली होती. ते मूळचे धुळ्याकडचे. बोली तिकडची, अंगकाठी बारीक, वय पन्नाशीच्या आसपास. आम्ही त्यांना भाऊ म्हणत असू. वयाने मी सर्वांत मोठा आणि मागे बसलो की मला मळमळत असे, म्हणून त्यांच्या शेजारची जागा कायमची माझी. चार वर्षे मी त्या जागेवरून त्यांना पाहिले. पाहिले असे मला वाटत होते.

त्यांच्या पेन ड्राइव्हची आमच्यात फार थट्टा चाले. तो त्यांनी मोबाइलच्या दुकानातून भरून आणलेला होता आणि दुकानदाराने हाताला लागेल ते त्यात ओतले होते. आरती संपली, की लग्नात नाचायचे अहिराणी गाणे लागे. त्याच्या मागोमाग पहिलीच्या मुलांची बडबडगीते. आणि मग, ऐकून तुम्हालाही हसू येईल, केळीच्या रोपांची जाहिरात. रिक्षावर कर्णा लावून गावोगाव फिरवतात तसली. "शेतकरी बंधूंनो, खात्रीशीर रोपे मिळतील!" भाऊ त्या जाहिरातीवरही स्टिअरिंगवर बोटांनी ठेका धरत आणि मान डोलावत.

एकदा चौधरी मॅडमनी मुद्दाम विचारले, "भाऊ, हे गाणं तुम्हाला फार आवडतं वाटतं?"

भाऊंनी आरशातून त्यांच्याकडे पाहिले आणि गंभीरपणे म्हणाले, "जुनं शे, मॅडम. आते असं कोठे बनतस?"

तडवी सरांना हसता हसता ठसका लागला. पुढे कित्येक दिवस स्टाफरूममध्ये कोणतीही वस्तू दिसली, की आम्ही एकमेकांना सांगत असू, आते असं कोठे बनतस.

आवाज मात्र फार मोठा असे. तडवी सर मागून ओरडत, "भाऊ, कमी करा ना भो! कानठळ्या बसू राहिल्या!" कधी ते बटण फिरवून आवाज कमी करत, तर कधी आणखी वाढवत. वाढवला की आम्हाला ती त्यांची मस्करी वाटे. ते फोन उचलत नसत, संदेशाला मात्र तत्काळ उत्तर देत. त्याला आम्ही शिस्त म्हणत असू. गाडीतला आरसा त्यांनी रस्त्यापेक्षा मागच्या सीटकडे अधिक वळवलेला होता. त्याला आम्ही काळजी म्हणत असू. आणि बोलणाऱ्याच्या तोंडाकडे ते असे एकाग्र होऊन पाहत, की मी एकदा पाचवीच्या वर्गात सांगितले होते, "लक्ष देऊन ऐकणे म्हणजे काय, ते आमच्या भाऊंकडून शिका."

हे वाक्य मी फळ्यावरही लिहिले होते. आज ते आठवले, की मान खाली जाते.

दिवाळीच्या सुटीनंतरची एक सकाळ. तापीचा पूल ओलांडून आम्ही यावलच्या रस्त्याला लागलो होतो. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, रस्ता अरुंद, कडा उखडलेल्या. एका खड्ड्यात चाक आदळले, पेन ड्राइव्ह खाचेतून निम्मा बाहेर आला आणि गाणे बंद पडले. गाडीत एकदम शांतता पसरली. हुश्श वाटून मी वर्तमानपत्राची घडी उलगडली.

तेवढ्यात माझ्या कानावर बारीक टकटक आली. भाऊंची बोटे स्टिअरिंगवर ठेका धरत होती. मान डोलत होती.

मनातल्या मनात गुणगुणत असतील, असे मी स्वतःला सांगितले. त्याच वेळी मागून ट्रकचा हॉर्न वाजला. लांब, सलग, पुढे येतो आहे असे सांगणारा. भाऊ खड्डा चुकवण्यासाठी उजवीकडे निघाले. हॉर्न पुन्हा वाजला, आता अगदी जवळून. मॅडम किंचाळल्या. भाऊ उजवीकडेच जात राहिले, मान डोलवत, शांतपणे. मी त्यांचा दंड धरून ओढला. केळीने भरलेला ट्रक आमच्या आरशाला घासून पुढे गेला आणि लोंबणारी पाने काचेवरून सपकन ओढली गेली.

गाडी कडेला थांबली. "बठ्ठं बराबर शे," ते म्हणाले. मग त्यांची नजर टेपकडे गेली. निळा दिवा बंद होता. त्यांनी दिव्याकडे पाहिले, नंतर माझ्याकडे पाहिले. ट्रक गेला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. ती आता आली. त्यांनी घाईघाईने पेन ड्राइव्ह आत दाबला. आरती सुरू झाली.

शाळेत त्या दिवशी मला हजेरी नीट घेता आली नाही. मधल्या सुटीत आम्ही तिघे प्रयोगशाळेत दार लोटून बसलो.

"ऐकू नाही येत त्यांना," मॅडम म्हणाल्या.

"असं कसं होईल? चार वर्षं आपल्याशी बोलू राहिले ना ते," तडवी सर म्हणाले.

मी म्हणालो, पडताळणी केल्याशिवाय कोणावरही शिक्का मारू नये. शिक्षकाला हे शोभून दिसते. पण खरे कारण निराळे होते. मला इतकी भीती वाटत होती, की माझी शंका खोटी ठरावी, असे मनापासून वाटत होते.

शाळा सुटल्यावर मी रिकाम्या वर्गात बसलो आणि बारा मिनिटे फोनवर ध्वनिमुद्रण केले. कशाचे? कशाचेच नाही. नंतर ते एका नव्या पेन ड्राइव्हवर भरले. येथे एक गोष्ट सांगून ठेवतो. गाडीतले असे टेप पुष्कळदा नावांचा क्रम पाहत नाहीत, ज्या क्रमाने गाणी भरली त्याच क्रमाने वाजवतात. म्हणून मी आधी तो रिकामा वर्ग भरला आणि त्यानंतर गाणी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो त्यांच्या हातावर ठेवला. "भाऊ, नवी गाणी आणलीत."

त्यांचा चेहरा उजळला. "मन्हासाठे?" त्यांनी फुंकर मारली, कपाळाला लावला, खाचेत बसवला. निळा दिवा लुकलुकू लागला. टेपच्या पट्टीवर सेकंद सरकू लागले. त्यांनी आवाज नेहमीएवढा मोठा केला.

चारही स्पीकरमधून आमचा वर्ग वाजू लागला. पंख्याची करकर. खिडकीतल्या चिमणीचा चिवचिवाट. मध्येच एक खोकला, माझा स्वतःचा.

भाऊंनी स्टिअरिंगवर ठेका धरला.

पूल गेला. बागा सुरू झाल्या. त्या बारा मिनिटांत मी तो रस्ता पहिल्यांदाच ऐकला. समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरची घरघर, मागच्या दुचाकीची पिपाणी, कडेच्या बैलाच्या गळ्यातली घंटा, एसटीचा हॉर्न, आणखी एक हॉर्न. हे सगळे आमच्या सभोवती रोज असे आणि यातले काहीही या माणसापर्यंत पोहोचत नव्हते. आम्ही तिघांनी आमचे जीव चार वर्षे त्याच्या हाती दिले होते.

भाऊ माझ्याकडे वळून म्हणाले, "मस्त शे, सर. पहिलंच गानं एकदम मस्त."

त्याच क्षणी स्पीकरमधून मी पुन्हा खोकलो.

परीक्षा मी अनेक घेतल्या आहेत, पण विद्यार्थ्याला न सांगता घेतलेली ती एकच. त्यात नापास कोण झाले, हे मला अजून नक्की सांगता येत नाही.

दुपारी शाळेमागच्या कडुलिंबाखाली मी त्यांना गाठले. तोंडाने सांगण्याचे धैर्य झाले नाही, म्हणून डायरीत लिहिले, "तुम्हाला ऐकू येत नाही. आम्हाला कळले आहे." डायरी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ते दोनदा वाचले. मग पारावर बसले.

"सोळा वरीस डीजेनी गाडी चालाडी, सर," ते म्हणाले. "लगनं, मिरवनुका. पुढे नवरदेव, मांगे पेट्या, मझारमा मी. गाडी चालाडानी बी नही, नुसती सरकाडानी. पहिले डावा कान गया. मंग उजवा."

मी त्यांच्या समोर बसलो आणि सावकाश विचारले, "आम्हाला का नाही सांगितलं?"

"सांगतू तं तुम्ही बठतात का मन्ही गाडीमा?"

मी डायरी मिटून खिशात ठेवली.

"टेप मोठा ऱ्हायना का लोके म्हनतस, आवाजमुये आयकू नही उनं," ते म्हणाले. "टेप चालू शे तवलोंग कोनी मन्हा कानले नाव ठेवत नही."

चार वर्षे ज्या आवाजाला आम्ही वैतागलो होतो, तो त्यांनी स्वतःभोवती ओढलेला पडदा होता. आत काय वाजते आहे, आरती की केळीची रोपे, याने त्यांना काहीच फरक पडत नव्हता. फरक आम्हाला पडावा, एवढेच त्यांना हवे होते.

"भीती नाही वाटत, भाऊ? ट्रक, एसटी..."

"ट्रकनं भ्याव नही लागत, सर. ट्रक आरसामा दिसस. तुम्ही तोंड फिरवीसन बोलतस ना, त्यानं भ्याव लागस."

जळगावच्या कानाच्या डॉक्टरांकडे मी त्यांना घेऊन गेलो. नस गेलेली आहे, यंत्राने गोंगाट वाढेल, शब्द कळणार नाहीत, असे डॉक्टरांनी सांगितले. मग आम्ही तिघांनी बसून एक व्यवस्था ठरवली. मी त्यांच्या शेजारी बसतोच, तर मी त्यांचे कान व्हायचे. मागून हॉर्न आला की त्यांच्या दंडावर एक थाप, समोरून आला की दोन, थांबायचे असेल तर दंड घट्ट धरायचा. बाहेर कोणाला काही सांगायचे नाही. आपण एका माणसाची रोजी वाचवत आहोत, असे आम्हाला वाटले, आणि ते खोटे नव्हते. पण गाडी आम्हाला थेट दारातून शाळेच्या फाटकात नेत होती, हेही तितकेच खरे होते.

ते दोन महिने मी कसे काढले, ते सांगता येणे कठीण आहे. वर्तमानपत्र सुटले, मॅडमशी गप्पा सुटल्या. जाताना आणि येताना मी कान टवकारून बसे. टेप मोठाच असे, कारण तो बंद करायला ते तयार नव्हते. त्या गाण्यांच्या पलीकडचा हॉर्न पकडता पकडता डोके ठणकू लागे. एखादा निसटला तर? एक थाप द्यायची तिथे दोन दिल्या तर? यावलच्या बाजारात दोन हॉर्न एकदम वाजले आणि मी नुसता त्यांचा दंड बडवत राहिलो. ते गोंधळून थांबले आणि मागच्या रिक्षावाल्याने आम्हाला शिव्या घातल्या. भाऊंनी त्या आरशात वाचल्या.

आमच्या व्यवस्थेत एक चूक होती. पाचवीतल्या मुलानेही ती दाखवून दिली असती. मी उतरलो, की गाडीला कान उरत नव्हते.

जानेवारीतल्या एका सकाळी आम्ही शाळेपाशी उतरलो. भाऊ गाडी वळवण्यासाठी मागे घेऊ लागले. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या अक्का तेव्हा गाडीच्या मागेच होत्या. त्यांच्या हातातली तांदळाची पिशवी फाटली होती आणि त्या खाली बसून सांडलेले तांदूळ पातेल्यात भरत होत्या. आरशात दिसणार नाहीत इतक्या खाली.

सर्वांत आधी मॅडम ओरडल्या. मग तडवी सर. मग व्हरांड्यातली मुले. "थांबा! भाऊ, थांबा!" अक्कांनी मान वर केली, पण गुडघे धरलेले, त्यांना उठता येईना. त्याही ओरडू लागल्या. साठ-सत्तर माणसे एकाच वेळी ओरडत होती आणि गाडी सावकाश, अगदी सावकाश, मागे सरकत होती. आतून लग्नाचे गाणे ऐकू येत होते.

मी धावलो. हाक मारण्यात अर्थ नव्हता, हे तिथे फक्त आम्हा तिघांना माहीत होते. मी गाडीसमोर जाऊन दोन्ही हातांनी बॉनेट बडवले. त्यांनी मला पाहिले. ब्रेक लागला.

पातेले बंपरखाली दबून चेपले होते. अक्कांचा हात त्याच्यापासून वीतभर अंतरावर होता.

भाऊ खाली उतरले. सगळे एकदम बोलत होते. ते गर्दीच्या मधोमध उभे राहून या तोंडाकडून त्या तोंडाकडे पाहत होते. एकाचे ओठ पकडावेत तोवर दुसरा बोलू लागे. माणूस इतका भ्यालेला मी त्यापूर्वी पाहिला नव्हता. अखेर अक्काच त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"बहिरा झाला का रे भो?" त्या कडाडल्या. "कान फुटले का तुझे? बठ्ठी शाळा बोंबलू राहिली अन् हा गाणे वाजवू राहिला!"

आपण सगळेच हे रागाने म्हणतो. वर्गात मीही शंभर वेळा म्हटले असेल. अक्कांना काही माहीत नव्हते, त्यांनी जिभेवर आले ते म्हटले. आम्ही तिघांनी माना खाली घातल्या.

भाऊंनी ते शब्द न् शब्द वाचले होते. हात जोडून ते म्हणाले, "हा, अक्का. बहिरा शे मी. दोन्ही कानले."

अक्कांचे तोंड उघडेच राहिले. मग त्यांनी पदराने तोंड झाकले आणि पुढे त्या काय पुटपुटल्या, ते भाऊंना कळायला मार्ग उरला नाही.

संध्याकाळी गाडी तडवी सरांनी चालवली. भाऊ मागे बसले होते. उतरताना त्यांनी किल्ली मागितली नाही, तडवी सरांनीच ती त्यांच्या हातात दिली.

आठवड्याभरात गाडी विकली गेली. शनिवारी मला त्यांचा संदेश आला. "सर उद्या साडेनऊची धुळे गाडी. धाकट्या भावाकडे जातो. स्टँडवर येऊ नका."

मी गेलो. पोहोचलो तेव्हा बस निघण्याच्या बेतात होती. थंडीमुळे सगळ्या काचा बंद होत्या. भाऊ मधल्या खिडकीशी बसले होते, मांडीवर पिशवी. इंजिन घरघरत होते आणि खाली उभी असलेली माणसे आतल्या माणसांना ओरडून काही सांगू पाहत होती. "पोचल्यावर फोन कर!" एक बाई तीनदा म्हणाली. आतल्या मुलाने हातानेच विचारले, काय?

मी भाऊंच्या काचेसमोर उभा राहिलो. त्यांनी मला पाहिले. आवाज जराही न चढवता मी म्हणालो, "भाऊ, चूक आमची. आम्हाला दोन महिने माहीत होतं. आम्ही गप्प राहिलो."

त्या गोंगाटात, त्या बंद काचेतून, साऱ्या बसमध्ये त्यांना एकट्याला खालच्या माणसाचे बोलणे समजले. त्यांनी मान हलवली. मग ते बोलू लागले. छोटे वाक्य नव्हते. चांगली तीन-चार वाक्ये, सावकाश, माझ्याकडे पाहत, मध्ये एकदा थांबून.

माझे कान शाबूत आहेत. मला एक अक्षरही कळले नाही.

मी कानाला हात लावून, ऐकू आले नाही, अशी खूण केली. पण बस हलली होती आणि त्यांनी तोंड पुढे फिरवले होते.